पिपचा राग येतो तेव्हा

प्रश्न : बी.ए.ला डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी आहे. लोहार असलेल्या ज्योने, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, मायेने वाढवलेल्या पिपला लंडनला गेल्यावर त्याचीच लाज वाटते, याचा इतका राग आला की पुढे वाचवेना. असा नायक कशासाठी?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तुमचा राग रास्त आहे, कारण ही कथा सांगणारा प्रौढ पिप स्वतःही त्या तरुण पिपला पाठीशी घालत नाही. २७वे प्रकरण पुन्हा सावकाश वाचा. भेटीला आलेला ज्यो अवघडून पिपला ‘सर’ म्हणतो, शेकोटीवरच्या फळीवर ठेवलेली त्याची टोपी पुनःपुन्हा खाली पडते, आणि निघताना मात्र आपण भट्टीपाशीच शोभतो, हे तो कोणताही दोष न देता सांगतो. पेडणे-सत्तरीहून पणजीला शिकायला आलेल्या, आणि आईवडील वसतिगृहावर आले की मित्रांसमोर संकोचणाऱ्या मुलांना हा प्रसंग फार जवळचा वाटेल, असे मला मनापासून वाटते. पिप जिच्या प्रेमात पडतो त्या एस्टेलाची गोष्ट मला त्यामानाने गौण वाटते. आपला खरा उपकारकर्ता, म्हणजे ज्याच्या गुप्तपणे दिलेल्या पैशावर आपण लंडनला आलो तो मॅग्विच, हा शिक्षा झालेला कैदी आहे, हे कळताच पिपला किळस येते. पण पुढे भर न्यायालयात तोच पिप मॅग्विचचा हात धरून उभा राहतो. तिथपर्यंत तरी पुस्तक मिटू नका.