खारींच्या नोंदी सुरू करताना
सोसायटीच्या आवारातील आणि पुण्यातल्या वेताळ टेकडीवरील खारींच्या वागण्याची तुलना करण्याचा तुमचा बेत चांगला आहे. मात्र आधी पाठीवरचे पट्टे मोजा. पुण्याच्या वस्तीत दिसणारी खार बहुधा पाच पट्ट्यांची असते, तर सह्याद्रीच्या ओल्या जंगलात तीन पट्ट्यांची, वेगळ्या जातीची खार भेटते. कडेचे दोन पट्टे फिकट असल्यामुळे दुर्बिणीशिवाय हमखास फसगत होते आणि जातींमधला फरक आपण अधिवासाच्या नावावर खपवतो. शेकरूला तर या तुलनेत आणूच नका.

सुरुवातीला एवढे पाळा:

- दोन्हीकडे दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी बसा. मी वर्षभर टेकडीवर सकाळी आणि घरी दुपारी नोंदी केल्या. ती वही बाद झाली.
- एकच खार निवडून १५ मिनिटे, दर मिनिटाला, ती त्या क्षणी काय करते ते लिहा.
- ‘घाबरली’ असे लिहू नका. ‘खोडावर डोके खाली, शेपटी झटकत चिरचिरते आहे, खाली मांजर’ असे लिहा.

आपण किती पावलांवर पोचल्यावर खार पळते, ही नोंद सर्वांत सोपी आणि बोलकी असते. माणसांना सरावलेली खार सहसा अधिक जवळ येऊ देते. पण खाऊ मिळणाऱ्या खिडकीखाली मोजलेले अंतर शहराचे नसून शेंगदाण्यांचे असते, म्हणून तुम्ही स्वतः काही खायला घालू नका. संख्याशास्त्र आणि कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) तूर्त बाजूला ठेवा. आधी वीस सकाळींच्या नोंदी वहीत जमू द्या.