अतिशय लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मल्याबरोबर इंडोमेथॅसिन द्यावं का?

तुमच्या वहिनीला २५वा आठवडा आहे, मध्येच कळा येऊन जातात, आणि तुम्ही विचारताय की बाळ झाल्यावर इंडोमेथॅसिन या औषधाचा आग्रह धरावा का. त्यात ‘परदेशात देतात, मग आपल्याकडे का नाही’ हेही आलंय. हे वाक्य आमच्या घरी प्रत्येक लग्नकार्यात ऐकते, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. २७व्या आठवड्यात झालेल्या मुलाची आई आहे.

औषधाचं आधी. त्याने रक्तस्राव कमी होतो, हे खरं आहे. ५०० ते ९९९ ग्रॅम वजनाच्या सुमारे बाराशे बाळांवर केलेला मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा रक्तस्राव औषध दिलेल्यांत ९ टक्के, न दिलेल्यांत १३ टक्के. पण तीच मुलं दीड वर्षाची झाल्यावर पाहिली, तर दगावलेली किंवा मोठं व्यंग राहिलेली दोन्हीकडे सारखीच: ४७ आणि ४६ टक्के. म्हणजे सोनोग्राफीचा रिपोर्ट सुधारला, पुढचं आयुष्य फारसं बदललं नाही. शिवाय लघवी कमी होते, किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून डॉक्टरांतच दोन मतं आहेत. काही ठिकाणी निवडक बाळांना देतात, काही ठिकाणी देतच नाहीत.

आता खरं महत्त्वाचं. बाळाच्या मेंदूला वाचवणारं इंजेक्शन आईच्या दंडात किंवा कमरेत बसतं, तेही बाळ व्हायच्या आधी. स्टिरॉइड. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ मध्येच ते दाखवून दिलं. लोक त्याला ‘फुप्फुसाचं इंजेक्शन’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. मेंदूतला रक्तस्रावही त्याने बराच कमी होतो, हे कुणी सांगत नाही.

मला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये होतो. डॉक्टर म्हणाले, इथे एवढ्या लहान बाळाची सोय नाही, नाशिकला न्या. इंजेक्शनचं विचारलं तर ‘तिकडे देतील’. आमचे मोठे भाऊजी त्याच्याही पुढचे. त्यांचं म्हणणं, रस्त्यात काही झालं तर? इथेच होऊ द्या, मग बाळाला काचेच्या पेटीत घालून नेऊ. घरातले सगळे माना डोलावत होते. मी कळा सोसत मावसबहिणीला फोन लावला. ती उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स आहे. ती फोनवरच कडाडली, “डेक्सा घेतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही, आणि बाळ पोटात असतानाच नाशिक गाठायचं.” मग तिने डॉक्टरांना फोन द्यायला लावला. २०१४ पासून सरकारच्याच सूचना आहेत, २४ ते ३४ आठवड्यांत कळा आल्या तर एएनएमसुद्धा पहिला डोस देऊन पुढे पाठवू शकते. मग डॉक्टरांनी का देऊ नये? दिलं त्यांनी, तोंड वाकडं करून. सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, म्हणजे तेच स्टिरॉइड, अगदी स्वस्त औषध. नाशिकला कळा थोपवून धरल्या, दर बारा तासांनी एक असे चारही डोस बसले, आणि मग मुलगा झाला.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, त्याचं डोकं दोन गुंडाळलेल्या फडक्यांच्या मध्ये सरळ ठेवलेलं असायचं. डायपर बदलताना सिस्टर त्याचे पाय वर उचलायच्या नाहीत, हलकेच कुशीवर वळवायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, पाय वर केले की रक्त डोक्याकडे जोरात जातं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांलगतच्या त्या केशवाहिन्या म्हणजे ओल्या टिश्यू पेपरसारख्या, दाब जरा वर-खाली झाला की फुटल्या. बहुतेक रक्तस्राव पहिल्या ७२ तासांतच होतात. बाहेर जन्मलेल्या बाळाला त्याच तासांत गाडीत घालून खड्ड्यांतून न्यायचं, ही भाऊजींची योजना!

टाळूवर जेल लावून सोनोग्राफी केली, पहिल्या ग्रेडचा, म्हणजे सगळ्यात सौम्य रक्तस्राव निघाला. तो आपोआप जिरला. आता शाळेत जातो, चष्मा आहे, भांडतो मनसोक्त. पण भाऊजींना त्यांच्या अमेरिकेतल्या मित्राने इंडोमेथॅसिन सांगितलं, आणि तेव्हापासून ‘इथल्यांनी ते औषध दिलं नाही म्हणून रक्त आलं’ हे त्यांचं पालुपद झालंय. ज्यांना मी नाशिकला जायलाच नको होते, त्यांना आता औषधाची काळजी!

तुम्ही आज एवढं करा. वहिनी जिथे आहेत तिथे तिसऱ्या स्तराचं, म्हणजे एवढ्या लहान बाळाला सांभाळू शकणारं एनआयसीयू नसेल तर बाळ पोटात असतानाच हलवा. स्टिरॉइडचा डोस बसला का, विचारा. मॅग्नेशियम सल्फेटचंही विचारा. ते प्रसूतीच्या तोंडावर आईला शिरेतून देतात, त्याने सेरेब्रल पाल्सीचा धोका कमी होतो. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापू नका, असं आधीच बोलून ठेवा.

एवढं सगळं लिहिलं तरी माझा मुलगा इंजेक्शनमुळेच वाचला, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. २५ आणि २७ आठवड्यांत फार फरक आहे. सगळं वेळेवर होऊनही काही बाळांना मोठा रक्तस्राव होतो. आणि तुमच्या नवजात तज्ज्ञांनी बाळ पाहून इंडोमेथॅसिन द्यायचं ठरवलं, तर माझं उत्तर दाखवून त्यांच्याशी वाद घालू नका. फक्त बाळाला हायड्रोकॉर्टिसोन हे दुसरं स्टिरॉइडही चालू आहे का, ते विचारा. दोन्ही एकत्र दिली तर आतड्याला छिद्र पडण्याचा धोका वाढतो.

भाऊजींना हे उत्तर आजच व्हॉट्सॲपवर पाठवतेय.