दोन दिवसांत कोल्हापुरात काय खावं?

भावा, दोनच दिवस असतील तर लॉजवरचा नाश्ता सोड आणि सकाळीच उद्यमनगरात फडतरेंची मिसळ गाठ. रांग असतेच, थांब. मिसळीबरोबर इथं स्लाइस ब्रेड येतो. कट बेताबेतानं ओत.

दुपारी मटण थाळी, तीही साध्या खानावळीत. पांढरा रस्सा भाकरीला लावत बसू नकोस, गरम असतानाच वाटी तोंडाला लाव. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. तिखटाची भीती असेल त्यालाही सोसतो. मग तांबडा. रस्सा पुन्हा मागायला लाजायचं नाही, इथं तसंच जेवतात.

संध्याकाळी खासबागेत राजाभाऊंची भेळ. रात्री गंगावेशीत दूध कट्टा: म्हैस समोरच पिळतात, फेसाळ ग्लास थेट हातात. कच्चं दूध पचत नसेल तर मात्र नुसतं बघून ये.