कुलवृत्तांतात जुना नकाशा छापताना

प्रश्न : आमचा कुलवृत्तांत छापायचं चाललं आहे. त्यात पूर्वजांच्या मूळ वस्तीचा सव्वाशे वर्षांपूर्वीचा नकाशा घालायचा आहे. कॉपीराइट नसलेले नकाशे कुठे मिळतील? एवढ्या जुन्या नकाशाला परवानगी लागत नाही ना? पुस्तकाच्या प्रती विकायच्या आहेत.

उत्तर : नकाशा जुना आहे एवढ्यावर थांबू नका. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांचा हक्क प्रकाशनानंतर 50 वर्षांनी संपतो, अमेरिकेत त्या काळच्या छापील नकाशांचा 95 वर्षांनी. पण ज्या ग्रंथालयाने नकाशा स्कॅन केला, त्याच्या अटी वेगळ्या असू शकतात. म्हणून नकाशा कितीही आवडला तरी मी आधी त्याच्याखालची हक्कांची ओळ वाचते. डेव्हिड रम्सी हा जुन्या नकाशांचा ऑनलाइन संग्रह अप्रतिम आहे, मात्र तिथे अव्यापारी वापराची अट असते; तुम्ही प्रती विकणार, तेव्हा लेखी परवानगी घ्या. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 2014 साली वीस हजारांहून अधिक नकाशे विनाअट खुले केले, ते निर्धास्त वापरा.

शोधाची सुरुवात ‘ओल्ड मॅप्स ऑनलाइन’वर करा. अनेक ग्रंथालयांचे नकाशे तिथे एकत्र शोधता येतात. आणि कृपा करून अख्ख्या प्रांताच्या रंगीत, नक्षीदार नकाशाच्या मोहात पडू नका. त्यात तुमची वस्ती फार तर एक ठिपका असेल. घर दिसायला मोठ्या प्रमाणाचा, म्हणजे थोडाच भाग मोठा करून दाखवणारा नकाशा हवा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे मैलाला 25 इंच प्रमाणाचे ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचे नकाशे आहेत, त्यांत एकेक इमारत ओळखू येते. अमेरिकेतलं शहर असेल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधले सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे पाहाच. आगीच्या विम्यासाठी काढलेले हे नकाशे: विटांची घरं गुलाबी, लाकडी पिवळी, दगडी निळी. पणजोबा कसल्या घरात राहत होते, हे रंगावरून कळतं! कुठल्याही वंशावळीत हे सापडणार नाही.

आणखी एक, समासातली सालं नीट पाहा. मोजणी एका साली आणि छपाई बऱ्याच वर्षांनी, असं सर्रास होई. 1900 च्या नकाशात घर नाही म्हणून ते तेव्हा नव्हतंच, असं लिहून टाकू नका. मोजणी त्याआधीची असू शकते.

वस्तीचं जुनं नाव, शेजारच्या दोन गावांची नावं आणि अंदाजे साल कळवा. कोणता नकाशा उघडायचा ते मी शोधून देते.