अडईचं एकटं पिल्लू घरी आणलंय: आजची रात्र कशी काढायची

सगळ्यात आधी पिल्लू ठेवलेला पाण्याचा टब रिकामा करा. बाकीचं नंतर वाचा.

तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळच्या पावसानंतर नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या मागच्या नाल्याकाठी हे पिल्लू एकटं सापडलं, रात्रभर ते पाण्याच्या टबात ठेवलं, दूध-ब्रेडला तोंड लावलं नाही, सारखं ओरडतंय आणि आता थरथरतंय. ही थरथर भीतीची कमी, गारठ्याची जास्त आहे. बदक म्हणजे पाणी, हे गणित मोठ्या पक्ष्याला लागू आहे. पिल्लाची लव स्वच्छ असेल तर थोडा वेळ पाणी अडवते, पण आईबरोबर पोहणारं पिल्लू दर थोड्या वेळाने काठावर येऊन तिच्या पंखाखाली शिरतं, कोरडं होतं, ऊब घेतं आणि मग पुन्हा पाण्यात जातं. टबात बाहेर यायला जागा नाही आणि पंख घालायला आई नाही. त्यात लवेला दूध लागलं, विष्ठा लागली की पाणी आतपर्यंत शिरतं. मुठीएवढा जीव अशा वेळी तासाभरातही गार पडू शकतो.

आता क्रम लक्षात ठेवा: कोरडं, मग ऊब, मग पाणी, मग खाणं. हा क्रम उलटा केला की पिल्लू हातचं जातं. गार पडलेल्या पक्ष्याचं पचन जवळपास थांबलेलं असतं, त्याच्या पोटात गेलेलं अन्न तिथेच कुजतं. म्हणून कितीही उपाशी वाटलं तरी पाय आणि चोच हाताला कोमट लागेपर्यंत काही भरवू नका. मऊ सुती फडक्याने टिपून घ्या, घासू नका. हेअर ड्रायर नको, त्याच्या आवाजानेच ते अर्धमेलं होतं.

वर्णनावरून हे अडईचं, म्हणजे शिट्टी मारणाऱ्या रानबदकाचं, पिल्लू दिसतंय: काळपट अंग, पोट आणि भुवया पांढुरक्या, डोक्यामागून गेलेली पांढरी रेघ. तरी दोन गोष्टी स्वतः तपासा. चोच चपटी आहे का आणि पायाच्या बोटांमध्ये सलग पडदा आहे का? दोन्ही असेल तर बदक. सगळं काळं, चोच टोकदार, बोटं लांब आणि मोकळी असतील तर ती पांढऱ्या छातीची पाणकोंबडी. आपल्याकडे पावसाळ्यात 'बदकाचं पिल्लू' म्हणून घरी येणाऱ्यांत ती बरीच असते. डोक्यावर झेब्र्यासारखे पट्टे, बोटांना वेगवेगळ्या पाकळ्या आणि जमिनीवर नीट उभंही राहता येत नसेल तर टिबुकली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण बदकाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः टिपून खातं, तर या दोघांना सुरुवातीला आईबाप चोचीतून भरवतात. त्यांच्यासमोर वाटी ठेवून वाट पाहिली तर ती वाटीशेजारीच उपाशी मरतील. आणि पिल्लू नखशिखान्त पिवळंधमक असेल तर ते बहुधा रानटी नाहीच, कुणाच्या तरी पाळीव बदकाचं आहे.

खोका. पुठ्ठ्याचा, निदान दीड-दोन फूट उंच. अडई बऱ्याचदा झाडाच्या ढोलीत अंडी घालते, म्हणजे पिल्लाला जन्मल्यावर आतल्या भिंतीवर नखं रोवून वर चढायचं आणि खाली उडी मारायची एवढं येतंच. हळदी-कुंकू बदकाचं पिल्लू उथळ खोक्यात बसून राहील, अडईचं सकाळी कपाटाखाली सापडेल. वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून चिमट्यांनी पक्का करा. तळाला जुना टॉवेल, पण ज्याचे धागे निघालेत तो नको, पायाच्या बोटाला गुंडाळतात. नुसता वर्तमानपत्राचा कागद घसरतो. त्यावर पाय दोन्हीकडे फाकले की दोन दिवसांत ते तसेच राहायला लागतात. लाकडाचा भुसा पिल्लू खाणं समजून गिळतं. कुटार, म्हणजे धान्याचा सुका भुसा, तर अजिबात नको. पावसाळ्यात कुटाराला आतून बुरशी असतेच, ती दिसतही नाही, आणि बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन होणाऱ्या आजाराला बदकं फार लवकर बळी पडतात. टॉवेल दिवसातून तीन-चार वेळा बदला.

ऊब हा खरा कळीचा भाग. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. ऑगस्टातल्या नागपुरात खोलीत 27-28 असतं, पावसाच्या रात्री 24 पर्यंत उतरतं, म्हणजे बाहेरून ऊब द्यावीच लागणार. त्यासाठी तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो, 40 वॉटचा. एलईडी लावलात तर उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर, टॉवेलपासून फूटभर ते सव्वा फूट उंच टांगा. पुठ्ठ्याला किंवा जाळीला टेकता कामा नये. खोलीचा थर्मामीटर आत आडवा ठेवून मोजा. दुसरा कोपरा मुद्दाम गार राहू द्या. गरम झालं तर पिल्लाला तिकडे सरकता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही खोका नव्हे, भट्टी तयार केली.

थर्मामीटर नसेल तर पिल्लूच सांगतं. बल्बच्या अगदी खाली अंग आक्रसून मोठ्याने एकसारखं ओरडतंय, तर ऊब कमी. बल्बपासून सगळ्यात लांब, चोच उघडी, धापा टाकतंय, तर जास्त. बल्बच्या कडेला पोट टेकून बसलंय, मध्येच हलकं किलबिलतंय, तर बरोबर.

लाइट गेली तर प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि त्याच्या शेजारी आडवी ठेवा, दर दोन तासांनी पाणी बदला. गार झालेली बाटली उलट पिल्लाच्याच अंगातली उष्णता ओढते, म्हणून लक्ष ठेवा. उकाडा कितीही असो, त्या खोलीत कूलर आणि पंखा बंद. (हाच प्रश्न मेमध्ये आला असता तर उत्तर उलटं असतं: बल्ब काढा, सावली द्या. पण अडईची वीण पावसाळ्यातली.)

पाणी उथळ हवं. बरणीचं झाकण किंवा बशी घ्या, त्यात स्वच्छ गोटे भरा, गोट्यांच्या फटींत बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडली पाहिजे, नाहीतर नाक आणि डोळे चिकटतात. अंग मात्र बुडता कामा नये. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, एक थेंब तिकडे गेला तरी पुढचा दिवस श्वास घरघरण्यात जातो. फार तर चोचीचं टोक पाण्याला लावा, चव कळली की ते स्वतः पितं.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगतो. दूध बंद, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. ब्रेड, पोहे, मुरमुरे, भिजवलेली डाळही नको. कोंबडीच्या पिलांचं 'चिक स्टार्टर' आणा, कोंबडीचं खाद्य विकणाऱ्या दुकानात सुटं मिळतं. 18 ते 20 टक्के प्रथिनं असलेलं, आणि औषध न मिसळलेलं मागा; पुष्कळ स्टार्टरमध्ये कॉक्सीचं (कोंबड्यांच्या आतड्यातल्या परजीवी रोगाचं) औषध असतं आणि त्यातली काही औषधं बदकांना झेपत नाहीत. पाण्यात भिजवून सैल खिचडीसारखं करा. बदकाला कोरडं खाणं पाण्याशिवाय गिळता येत नाही, ते घशात अडकतं, म्हणून वाटी आणि पाणी कायम जवळजवळ. भिजवलेलं खाद्य या हवेत तीन-चार तासांत आंबतं, थोडं थोडंच करा.

कोंबडीच्या खाद्यात बदकासाठी एक उणीव राहते, ती नियासिन या ब जीवनसत्त्वाची. ते कमी पडलं की आठवड्या-दोन आठवड्यांत पाय वाकतात, सांधे सुजतात, पिल्लू बसल्या बसल्या सरकायला लागतं. वाटीभर खाद्याला मोठा चमचाभर ब्रूअर्स यीस्टची पूड त्यावरचा उपाय. बेकरीतलं यीस्ट नव्हे, ते जिवंत असतं आणि पोटात फसफसतं. एका रात्रीपुरतं ठेवत असाल तर यीस्ट शोधत बर्डीच्या बाजारभर फिरू नका, पण वन विभागाच्या उपचार केंद्रात पोहोचायला काही कारणाने दिवस लागले तर मात्र हवंच.

आज स्टार्टर मिळालं नाही तर उकडलेल्या अंड्याचा बलक बारीक कुस्करून, एका दिवसापुरता. तो लवेला चिकटतो, चोच पुसत राहा. हिरव्यात कोथिंबीर अगदी बारीक चिरून पाण्यावर भुरभुरा. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

एकटं पिल्लू बऱ्याचदा वाटीकडे बघतही नाही, कारण आपल्याकडे टिपून दाखवायला कुणी नाही. त्याची नजर हालचालीवर जाते. इथे नागपूरकरांच्या घरचा ठेवा कामाला येतो: बंद पडलेल्या कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या. चहाच्या गाळणीने गाळा, दोनदा साध्या पाण्यातून काढा आणि बशीत सोडा. वळवळ दिसली की चोच आपोआप जाते, आणि एकदा टिपायला लागलं की शेजारचं खाद्यही खातं. टाकीत औषध टाकलेलं असेल तर त्या अळ्या चुकूनही नको. बारीक गांडूळ तुकडे करून चालतं. तेही जमलं नाही तर टूथपिकने खाद्याच्या गोळीवर टकटक करा, आईची चोच समजून येतं. अगदी कालच अंड्यातून निघालं असेल तर पोटात बलकाचा साठा असतो, पहिला दिवसभर न खाल्ल्याने घाबरून जाऊ नका.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी एकाच वेळी वजन घ्या. एखाद्या दिवशी ग्रॅमभर उतरलं तर चालेल, सलग दोन दिवस उतरलं तर ते खात नाही, नुसतं चिवडतंय. शेपटीखाली विष्ठा सुकून चिकटली असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा, ओढू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मुलं म्हणतात 'पाळू या'. नाही. कायदा सरळ आहे: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानटी बदक ही सरकारी मालमत्ता, ताब्यात आल्यापासून 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. पण कायदा बाजूला ठेवला तरी अडई थव्याचा पक्षी आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसात जे हलतं-बोलतं दिसतं त्याच्यामागे ते लागतं, आणि माणसामागे लागलेलं बदक मोठं होऊन तलावावर गेलं तरी माणूस आणि कुत्रा पाहून पळत नाही. फुटाळा तलावावर असं बदक किती दिवस टिकेल? म्हणून पोट्ट्यांना हातात घेऊ देऊ नका, खोक्याजवळ गप्पा नकोत. सोबत म्हणून खोक्यात छोटा आरसा उभा करा आणि कोरडी, न वापरलेली मऊ झाडणी टांगा, तिच्याखाली ते शिरून बसतं. ओरडणं निम्म्यावर येईल.

आज एक प्रयत्न करण्यासारखा आहे. अडईमध्ये आई आणि बाप दोघंही पिल्लं सांभाळतात, त्यामुळे कुटुंब अजून तिथेच असण्याची शक्यता चांगली. पिल्लू उबदार, चपळ झालं असेल तर मावळतीच्या तासभर आधी त्याच जागी जा. निदान 50 मीटर लांब, झुडपाआड बसा. अडई शिट्टी मारत उडते, डोक्यावर घिरट्या घालत शिट्टी ऐकू आली तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. सोबत एवढ्याच आकाराची पिल्लं असलेली जोडी दिसली तर काठावरच्या गवतात पिल्लू हळूच सोडा आणि लांब जा. पाण्यात फेकू नका. माणसाचा वास लागला म्हणून आईबाप टाकून देतात ही नुसती समजूत आहे. मात्र 'तिथे बदकं आहेत ना' म्हणून कुठल्याही तलावावर, दुसऱ्याच कुटुंबात सोडणं म्हणजे मारायला देणं. मोठ्या पिल्लांची आई परक्याला चोचीने झोडपते, पाण्याखाली दाबते.

अंधार पडेपर्यंत काहीच दिसलं नाही तर परत आणा आणि 1926 या वन विभागाच्या हेल्पलाइनला फोन करा. शहरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यजीवांचं उपचार केंद्र, आहे, सकाळी थेट तिथेही नेता येतं. तिथे त्याच वयाची दुसरी पिल्लं असतील तर याला सोबत मिळते, ती तुमच्या-माझ्या घरात कितीही लाड केले तरी मिळणार नाही.

एक सावधगिरी. सापडलं त्या जागी दोन-चार मेलेले पक्षी दिसले होते का? असतील तर फोनवर पहिलं तेच सांगा, आणि घरी कोंबड्या असतील तर खोका त्यांच्यापासून लांब. डिसेंबर 2024 मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, त्यामुळे आता नागपुरात हा प्रश्न विचारतातच. एरवीही हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि ती बशी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

नेताना छोटा खोका, पेन्सिलीने भोकं पाडलेला, तळाला टॉवेल, शेजारी मोज्यातली कोमट बाटली. बाटली लवंडून अंगावर येणार नाही अशी कोपऱ्यात अडकवा. पाण्याची बशी काढून घ्या, गाडीच्या धक्क्याने सांडते आणि पिल्लू पुन्हा भिजतं. स्कूटरवर न्यायचं तर खोका मागे बसलेल्याच्या मांडीवर, डिकीत नाही. झाकणावर पेनाने सापडल्याची नेमकी जागा, तारीख, वेळ आणि आतापर्यंत काय खायला दिलं ते लिहा. दूध दिलं होतं तर तेही लिहा.