फादर, पाद्री, पाळक आणि पालक

विजापूर रोडच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी कॉन्व्हेंटमध्ये शिकते. शाळेच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहुण्यांच्या नावामागे 'फादर' छापलं होतं, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तेच गृहस्थ 'पाद्री' झाले, आणि शेजारच्या काकू त्यांना 'पास्टर' म्हणतात. ताईंचा प्रश्न असा, की हे तिन्ही शब्द एकच का? 'पाद्री' म्हटलं तर अपमान होतो का? आणि समोर आले तर काय म्हणून हाक मारायची?

फादर आणि पाद्री एकच. पास्टर वेगळे. काकूंना सांगा की आपल्याकडे कॅथलिक धर्मगुरूंना पास्टर म्हणत नाहीत, फादर म्हणतात. 'कॅथलिक चर्चचे पास्टर' हे मी सोलापुरात इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं की बोलणाऱ्याला थांबवतोच. एका स्नेहसंमेलनात माझ्यासमोर एका सद्गृहस्थांनी फादरना विचारलं, "मिसेस नाही आल्या का ओ?" फादर हसले, पण मला कानकोंडं झालं. रोमन परंपरेत गुरुदीक्षा घेतलेला माणूस लग्न करत नाही. 1139 साली रोममध्ये भरलेल्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेनं तर दीक्षितांनी केलेलं लग्न लग्नच नव्हे असं ठरवून टाकलं. प्रॉटेस्टंट पास्टरांना मात्र बायको-मुलं असतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे गोंधळ होतो त्याचं कारणही दिसतं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं, त्यामुळे इथल्या कित्येक मराठी ख्रिस्ती घरांची परंपरा प्रॉटेस्टंट. कॅथलिक मंडळी तुलनेनं थोडी, पुण्याच्या धर्मप्रांतात मोडणारी. ज्यानं आयुष्यभर एकच चर्च बाहेरून पाहिलं, त्याला सगळ्या चर्चना एकच माप लावावंसं वाटतं. आणखी एक राहिलं : 'चर्चचे पुजारी' म्हणू नका. ते हिंदी मालिकांतून आलंय.

आता 'पाद्री'. हा शब्द पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला, 'पाद्रे' लॅटिन 'पातेर'वरून, आणि अर्थ बाप. इंग्रजी 'फादर' आणि संस्कृत 'पितृ' ही त्याच घरातली भावंडं. एवढ्यावर हा विषय संपायला हवा होता. पण आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत, व्याख्यानांतून ते ठासून सांगतात की पाद्री हा शब्द 'पाद्य'वरून, म्हणजे पाय धुवायच्या पाण्यावरून आला, कारण ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. विधी खरा आहे. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची ती आठवण. पूर्वी नियमानं फक्त पुरुषांचेच पाय धुवायचे, 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यात स्त्रियांनाही जागा दिली. सगळं खरं आहे, पण व्युत्पत्ती साफ खोटी. शब्दाच्या शेवटाकडे पाहा. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटी आघात नसलेला 'ए' असला की मराठी कानाला तो 'ई' ऐकू येतो. 'शावे'ची चावी झाली, 'बाल्दे'ची बालदी झाली, तसाच 'पाद्रे'चा पाद्री झाला. तीन शब्द एकाच वाटेनं आले असताना त्यातल्या एकालाच उचलून संस्कृतच्या ओट्यावर बसवायचं, हे मला पटत नाही. गुरुजींना हे मी तोंडावर सांगितलंय. ते मानत नाहीत.

अपमानाचं म्हणाल तर शब्दात अपमान नाही. गोव्यात 'पाद्र' हा घरोघरचा आदराचा शब्द आहे. फरक इतकाच की पाद्री हा *विषयी* बोलायचा शब्द आहे, *हाक मारायचा* नाही. आपण 'अहो वैद्य' म्हणत नाही, 'वैद्यबुवा' म्हणतो. खरा अपमान क्रियापदात आहे. बातम्या नीट वाचा : 'महाराज म्हणाले', 'मौलवी म्हणाला', 'पाद्री म्हणाला'. एकाला अनेकवचन, बाकीच्यांना एकेरी. शब्द कुठलाही वापरा, पण 'म्हणाला' लिहू नका. याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही चूक अज्ञानातून होत नाही, सवयीतून होते.

काही प्रॉटेस्टंट मित्र म्हणतात की 'फादर' म्हणणंच चूक, येशूनं पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असं सांगितलंय. मत्तयच्या 23व्या अध्यायात तसं आहे. पण करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल स्वतःला त्यांचा बाप म्हणवतो, आणि कॅथलिक त्याच्याकडे बोट दाखवतात. हा वाद धर्मशास्त्राचा, तो त्यांनी मिटवावा.

माझा जीव अडकलाय तो पास्टरमध्ये. पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ. चारणारा, राखणारा. त्याच्या मुळाशी 'पा' : जपणं, पोसणं. संस्कृतात तोच 'पा' आहे, 'पाति' म्हणजे राखतो. गोपा, गोपाळ, भूपाळ, मेंढपाळ ही सगळी त्याचीच प्रजा. आणि मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पास्टरला काय म्हणतात? पाळक! ज्यांनी हा मराठी शब्द घडवला त्यांनी भाषांतर केलं असं ते समजले असतील. प्रत्यक्षात त्यांनी हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेल्या दोन भावांना एका खोलीत आणून बसवलं. एक रोमवरून आला, एक इथेच होता.

आपल्या जिल्ह्यात हे समजायला शब्दकोश लागत नाही. आषाढी झाली की पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला होतो, तो 'पाळ' तिथे. सांगोल्याकडे धनगर मेंढरं घेऊन निघतो, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आता कॅथलिक बिशप डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या हातात वरून वाकलेला उंच दंड असतो, तो मेंढपाळाच्या काठीचाच मान. सोलापूरकराला काठी म्हटलं की आधी गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज आठवतील, पण ही काठी वेगळी, कळपातलं मेंढरू मागे ओढायची. आणि आर्चबिशपांच्या खांद्यावर पांढऱ्या लोकरीची एक पट्टी असते, सहा काळे क्रूस असलेली, तिला पॅलियम म्हणतात. रोममध्ये 21 जानेवारीला, संत आग्नेसच्या सणाला, कोकरांना आशीर्वाद द्यायची प्रथा आहे, आणि तयार पॅलियमवर 29 जूनला, पेत्र आणि पौल यांच्या सणाला आशीर्वाद होतो. पुण्याचा धर्मप्रांत मुंबईच्या आर्चबिशपांच्या कक्षेत येतो, म्हणजे सोलापूरच्या कॅथलिकांचे वरचे मेंढपाळ खांद्यावर लोकर घेऊन उभे आहेत. धनगराची घोंगडी काळी, यांची पट्टी पांढरी, पण खांदा तोच आणि लोकर तीच. हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री मी झोपलो नाही.

याच 'पा'च्या घरात पावही आहे. पोर्तुगीज 'पांव' लॅटिन 'पानेम'मधून आला, आणि त्याचं मूळ पोसण्याच्या 'पा'मध्येच लावतात. गंमत बघा, कॅथलिक मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, जी पातळ गोल भाकर वाटतात ती बिनखमिराची असते, आपला पाव तिथे चालत नाही. प्रभूच्या प्रार्थनेत लॅटिनात 'पानेम' आहे, पण मराठी भाषांतरकारांनी पाव न घेता 'रोजची भाकर' लिहिलं. ज्वारीच्या या मुलखात तेच बरोबर आहे.

इथे संस्कृतचे एक जाणकार मला अडवतात. म्हणतात, धातुपाठात, म्हणजे संस्कृत व्याकरणातल्या धातूंच्या यादीत, 'पा' वेगळा आणि 'पाल' वेगळा दिलाय, मग तुम्ही पाळकाला 'पा'च्या दारात का नेता? त्यांना माझं उत्तर असं की धातुपाठ ही शब्द सिद्ध करायची यादी आहे, शब्दाचा जन्मदाखला नाही. वैयाकरणाला सोयीचं म्हणून एकाचे दोन केले, तर इतिहासालाही तसंच मानायची सक्ती नाही. आणि यादीच दाखवायची असेल तर मी यास्क दाखवतो. निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड करणाऱ्या आपल्या प्राचीन ग्रंथात, यास्कानं 'पिता' शब्द कसा उलगडलाय? 'पाता वा पालयिता वा'. राखणारा किंवा पाळणारा. म्हणजे यास्काला विचारलं तर पिता आणि पाळक एकच. मग पाद्री म्हणजे पिता, पास्टर म्हणजे पाळक, आणि दोघांचा बाप 'पा'! ज्या दोन शब्दांवरून दोन चर्च एकमेकांपासून वेगळी ओळखायची, त्या दोन शब्दांखाली यास्क एकच मूळ दाखवतो.

आधुनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक यावर नाक मुरडतात, ते मला माहीत आहे. त्यांच्या मते बापाचा शब्द बाळाच्या 'पा-पा'तून उगवतो, त्याला रक्षण-बिक्षण काही नाही. 'पोप' हा शब्द तर उघडच तसा आहे : ग्रीक 'पाप्पास', लहान मूल बापाला हाक मारतं तो शब्द. आपल्या शहरात तर या बाळबोलीचं प्रदर्शनच भरलंय. कन्नड घरात अप्पा, मुसलमान घरात अब्बा, मराठी घरात बाबा. मार्कच्या 14व्या अध्यायात येशू गेथशेमनेत देवाला अरामी भाषेत हाक मारतो तीही 'अब्बा', आणि मठाच्या प्रमुखाला युरोपात 'अ‍ॅबट' म्हणतात तो याच शब्दावरून. (यावरून 'अप्पा' अरामीतून आला असं सांगणारेही भेटतात. नाही. जगातल्या सगळ्या बाळांना दोन ओठ असतात, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.) तर अभ्यासक म्हणतात की पितृमधला 'पा'ही तसाच ओठांवरचा, पाळण्याशी त्याचा संबंध यास्कानं ओढूनताणून लावला. मातृ, भ्रातृ, दुहितृ यांच्यातही तोच 'तृ' आहे, तो नात्याचा शिक्का, करणाऱ्याचा नव्हे, असा त्यांचा पुरावा.

पुरावा वजनदार आहे, पण मला तो अर्धाच वाटतो. बाळाच्या ओठातून 'पा' निघाला असेल. पण तो ऐकणाऱ्या माणसानं त्यात काय ऐकलं, हाही शब्दाच्या इतिहासाचा भाग आहे. यास्काच्या काळी पिता म्हटलं की जाणत्यांना पाळणारा ऐकू येत होता. रोममध्ये एकाच माणसाला पिताही म्हणत होते आणि मेंढपाळही. दोन्हीकडे बाप आणि राखणदार एकमेकांशेजारी येऊन उभे राहिले, आणि हे नुसत्या ओठांच्या योगायोगानं झालं असं मी मानणार नाही.

आणि आता ताईंच्या शाळेकडे, कारण मला हे सगळं सुचलं ते त्या पत्रिकेमुळेच. ताईंनी मला तिचा फोटो पाठवला. वर 'फादर' अमुक यांच्या अध्यक्षतेखाली, आणि खाली 'सर्व पालकांनी उपस्थित राहावे'. पुन्हा वाचा. ज्याला मेंढपाळ म्हणावं त्या धर्मगुरूला तिथे पिता म्हटलंय, आणि जो खरोखर पिता आहे त्याला पालक, म्हणजे मेंढपाळ म्हटलंय. दोघांनी एकमेकांचं नाव घेतलंय आणि कार्यक्रमात कुणाच्या लक्षात आलं नाही! मराठीनं यात फक्त एक बारीक खूण ठेवली. शाळेत बोलावतात ते पालक, 'ल' घेऊन. चर्चमध्ये उपदेश करतात ते पाळक, 'ळ' घेऊन. एका अक्षरानं दोन माणसं वेगळी केली, म्हणून माझी टंकलेखन करणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की घाईत 'पाळक'चा 'पालक' करू नका. गेल्या नाताळच्या एका बातमीत 'चर्चच्या पालकांनी केक कापला' असं छापलं होतं, आणि वाचणाऱ्याला वाटलं असेल की शाळेत वाढदिवस झाला.

'सिस्टर' म्हणजे व्रत घेतलेल्या स्त्रिया, आणि 'ब्रदर' म्हणजे गुरुदीक्षा न घेतलेले व्रतस्थ किंवा दीक्षेच्या वाटेवर असलेले. त्यांना फादर म्हणू नये, तेही दुरुस्त करतील. 'रेव्हरंड' लेखी चालतं, हाकेला नाही.

ताई, फादर समोर आले तर 'नमस्कार, फादर' म्हणा, एवढं पुरे. प्रॉटेस्टंट चर्चमधले भेटले तर 'पास्टर' किंवा 'पाळकसाहेब'. आणि ती बातमी ज्या वर्तमानपत्रात आली त्यांना दोन ओळींचं पत्र टाका : 'पाद्री' राहू द्या, 'म्हणाला'चं 'म्हणाले' करा.