मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढलं तर पाणी कमी पडलं की मीठ जास्त गेलं, हे कसं ओळखतात?

तुमच्या दीड वर्षाच्या भाच्याचं सोडियम १६२ आलंय. घरचे म्हणतात आईने पाणी कमी पाजलं, डॉक्टर विचारताहेत काही खारट दिलं होतं का. खरं काय ते कसं कळणार आणि मेंदूवर परिणाम राहील का, असं तुम्ही विचारलंय.

वजन आणि लघवी, या दोन गोष्टींवरून कळतं. बाकीचं लिहितेय कारण ‘आईने पाणी पाजलं नाही’ हे वाक्य मी सात वर्षं ऐकतेय.

माझी मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. दिवसाला तीन-चार जुलाब, उलटी नाही. मोठे दीर औषधांच्या दुकानात काम केलेले, म्हणून ओआरएस कालवायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. एक लिटरची पुडी ते एका पेल्यात कालवायचे. मी म्हटलं, पुडीवर एक लिटर लिहिलंय. तर म्हणे, “पातळ केलं की गुण येत नाही.” दीड दिवसात तीन पुड्या गेल्या. पोर प्रत्येक घोटानंतर पाण्याच्या बाटलीकडे झेपावायची. मग नुसती किरकिर, रडण्याचा आवाज चिरका झाला आणि दुसऱ्या रात्री आकडी आली.

रुग्णालयात सोडियम १६८. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी कागदावर डिहायड्रेशन लिहिलं. दीर लगेच म्हणाले, बघ, पाणी कमी पडलं. पण डायपर मी बदलत होते. तो ओलाचिंब, हाताला जड लागत होता. वजन भरलं ९ किलो ६५०, आणि चारच दिवसांपूर्वी लसीच्या वेळी ते ९ किलो ४०० होतं. जुलाब होणारं मूल अडीचशे ग्रॅम वाढतं कसं? सिस्टरनी कार्डावरचा आकडा पाहिला आणि बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी सलाईनआधी लघवी तपासायला पाठवली.

पाणी कमी पडलेलं शरीर सोडियम धरून ठेवतं, म्हणून लघवीत ते थोडंच येतं. मीठ जास्त गेलं असेल तर मूत्रपिंड ते बाहेर फेकतं. रक्त आणि लघवी दोन्हीतलं सोडियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो एक टाकाऊ पदार्थ) एकाच वेळी मोजून, मूत्रपिंडात गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी किती टक्के लघवीत जातंय ते काढतात: एकच्या खाली असेल तर बहुधा पाणी कमी, दोनच्या वर असेल तर मिठाचा संशय. तिची चारच्या वर होती.

नीट कालवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असतं. तीच पुडी २०० मिलीत घातली की ३७५, रक्तात एरवी असतं त्याच्या अडीच पटीहून जास्त. हे मी दीरांना कागदावर मांडून दाखवलं. ते अजून म्हणतात, ओआरएसने कुणाचं वाईट होत नाही. नीट कालवलेल्याने होत नाहीच, त्याने असंख्य मुलं वाचली आहेत. पण त्या पेल्यात होतं ते ओआरएस राहिलंच नव्हतं.

म्हणून कुणी काय, किती पाण्यात कालवलं ते डॉक्टरांना न लाजता सांगा. रिकाम्या पुड्या आणि तोच पेला सोबत न्या. उलटी व्हावी म्हणून कुणी मिठाचं पाणी पाजलं असेल तर तेही सांगा. घरातल्या मोठ्यांची अब्रू सांभाळत बसू नका, मी बसले होते.

मी डॉक्टर नाही. दोन काट्यांवरच्या वजनात फरक येतो. सलाईन सुरू झालं असेल किंवा मूत्रपिंड दुखावलं असेल तर टक्केवारी फसवते. डायबिटीस इन्सिपिडसमध्येही (साखरेचा नव्हे, यात मूत्रपिंड पाणी धरून ठेवू शकत नाही) डायपर ओले होतात, पण लघवी पाण्यासारखी असते आणि वजन घटतं. आणि घरी भराभर पाणी पाजून सोडियम उतरवायला जाऊ नका, मेंदूला सूज येऊ शकते. आमच्याकडे ते दिवसाला दहाच्या आसपास, असं तीन दिवसांत उतरवलं.

मेंदूचं म्हणाल तर माझी मुलगी आता तिसरीत आहे, आकडी पुन्हा आलेली नाही. भाच्याचं त्याचे डॉक्टरच सांगतील. तुम्ही आज त्याचं लसीचं कार्ड शोधा, आजाराआधीचं वजन त्यावर असेल.